पहिल्या हाकेचा अंक

सुमन, तुझी चंद्री अजून तलावावर लटकलेली आहे. पंख पसरलेले, पाय मागे ताणलेले, मान वळवून ती कुणाला तरी शोधते आहे, आणि पुढचं पान कोरं. कथा अशा जागी सोडून कुणी जातं का? मला फार राग आला. तुझ्या तेरवीला बायका तुझ्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगत होत्या, आणि मी ताटं वाढता वाढता मनात म्हणत होते, चांगली होती ते खरंच, पण काम अर्ध्यावर टाकून उठायची हिची खोड कुणी का सांगत नाही.

दवाखान्याचं मी काही लिहिणार नाही. ताप कसा चढला, नागपूरला न्यायचं कधी ठरलं, हे तुझ्या दादानं आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितलंय की ते आता पाठ केलेल्या धड्यासारखं झालंय, आणि त्यात तू कुठेच नाहीस. मी फक्त आपलं लिहिते. तू असतीस तर म्हणाली असतीस की एवढा मजकूर संवादाच्या फुग्यात मावत नाही. या वेळी फुगे नाहीत, चित्रं नाहीत, मला हवी तेवढी जागा आहे.

नणंद-भावजय मिळून कॉमिक काढतात म्हटल्यावर लोक आधी हसायचे, मग विचारायचे की तुम्ही भांडत नाही का. आपण दुसरं काय करत होतो? मी कुडव्याला राहून शाळेत मराठी शिकवणार, तू आपल्या झाडीपट्टीतल्या गोरेगावला आईंजवळ राहून भिंती रंगवणार, आणि रविवारी एकीनं एसटीत बसून दुसरीकडे जायचं ते भांडायलाच. गोष्ट माझी, फुग्यातलं अक्षर माझं, चित्रं तुझी. तुझा दादा आपल्यासाठी चहा करून ठेवायचा आणि आवाज चढायच्या आत मोटरसायकल काढून निघून जायचा.

मी लग्न होऊन गोरेगावच्या घरात आले तेव्हा तू नववीत होतीस आणि तुझ्या कोपरापर्यंत हिरवा रंग होता. मामाजी, तुझे बाबा, झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवायचे. दिवाळीनंतर जत्रेसारख्या मंडया भरायला लागल्या की गावोगाव नाटकं, आणि नाटक कोणतंही असो, त्याला एक महाल आणि एक जंगल लागायचंच. महाल मामाजींचा, जंगल तुझं. तुझ्या जंगलातलं मोहाचं झाड खरं मोहाचं वाटायचं, येनाचं खरं येनाचं. महाल मात्र तुम्हा बापलेकींनी कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्याला कधी तहसील कचेरीचे खांब यायचे, तर कधी राइस मिलच्या खिडक्या. मी ते पहिल्यांदा पाहून हसले आणि तू आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीस. आपली ओळख अशी झाली.

मग मामाजी गेले, पडदे छापून यायला लागले, दुकानांच्या पाट्यांच्या जागी फ्लेक्स आले. तू शाळांच्या भिंतींवर वाघ, मोर आणि पाढे काढायला लागलीस. लग्नाचं तू मनावर घेतलं नाहीस, आणि कुणी विषय काढला की तू ब्रश धुवायला उठायचीस. तुझे ब्रश आपल्या सगळ्या नातेवाइकांत सर्वांत स्वच्छ होते.

चंद्री आली ती धान रोवण्याच्या दिवसांत. शेजाऱ्यांच्या शेतातल्या एका बांधीत सारसाच्या जोडीनं घरटं केलं होतं आणि त्यांनी कुरकुर करत का होईना, तेवढा तुकडा धान न रोवता सोडला होता. आपण दोघी शेताच्या धुऱ्यावर बसून भाकरी खात होतो. माझ्या पिशवीत वर्गातल्या एका पोराकडून जप्त केलेलं कॉमिक होतं. तू चिखलाच्या बोटांनी ते चाळलंस आणि विचारलंस की हे सगळे उडणारे लोक उंच बिल्डिंगीवरूनच काऊन उडी मारतात. आपल्याकडं उडायचं असेल तर बाईनं कुठून उडावं? मी म्हटलं, पाण्याच्या टाकीवरून. तू समोर पाहत होतीस. सारस पाण्यातून धावत धावत गेला, पंख मारले आणि उठला. तू म्हणालीस, असं.

म्हणून आपली चंद्री रोवणा करणारी बाई झाली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला लाल दुपट्टा, दिवसभर वाकलेली. दिवस मावळायला ती कंबर सरळ करते तेव्हा तिच्या पाठीतून राखाडी पंख उघडतात, आणि मग ती धुऱ्यावरून धावत सुटते. ही कमरेची कल्पना तुझी, आणि ती आजही मला कुठल्याही बिल्डिंगीपेक्षा उंच वाटते. नुसत्या धावण्याला तू दोन पानं घेतलीस. मी म्हटलं, वाचणारा कंटाळेल. तू म्हणालीस, जड बाई आहे, वेळ लागतो.

तिचं काम होतं गावातल्या भानगडी सोडवायचं. पहिल्या अंकात तलावावर फिरणारा दिवा. दुसऱ्यात रोज अंगातला सदरा बदलणारं बुजगावणं. तिसऱ्यात पडक्या शाळेतली घंटा, जी वारा नसताना वाजायची. कुडव्याच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढायच्या, स्टेपल मारायच्या आणि मंडईत जिलबीवाल्याच्या बाजूला पाल टाकून बसायचं. बायका पोरांसाठी म्हणून अंक हातात घ्यायच्या आणि उभ्या उभ्या स्वतःच वाचून काढायच्या.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. गेल्या वर्षी मंडईत केशोरीकडची एक बाई आली होती, डोक्यावर गाठोडं, बहुतेक माहेरी निघालेली. तिनं तिसरा अंक उचलला, ओठ हलवत पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग गाठोडं खाली ठेवलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि पाठ सरळ केली. मागं वळून पाहिलंसुद्धा, कुणी बघत नाही ना म्हणून. मी बघत होते. तू भजी आणायला गेली होतीस. परत आलीस ती भजी तिखट नाहीत म्हणून कुरकुरत, मग सुटे पैसे संपले, मग गर्दी झाली, आणि सांगायचं राहून गेलं. मला वाटलं होतं, सांगू कधीतरी. तुझ्या चित्रामुळे एका बाईनं भर बाजारात पंख उघडून पाहिले, एवढंच ते होतं.

आता भांडणाकडे येते. तिन्ही अंकांचा शेवट मी लिहिला होता आणि तिन्ही वेळा तू तोंड वाकडं करून तो चित्रात उतरवला होतास. माझ्या शेवटात दिवा मासोळ्या चोरणाऱ्याचा निघाला, बुजगावण्याचा सदरा जुगार खेळणारे बदलत होते, घंटेच्या दोरीला वटवाघळं लटकत होती. तिसऱ्याच्या वेळी तू पेन्सिल खाली ठेवलीस.

“तू दर खेपेले चोर पकडून देतेस वयनी,” तू म्हणालीस. “लोकं भेवाले येतात, आन तू त्यायच्या हातात चोर देतेस.”

मी चिडले होते. शाळेत माझ्यासमोर पोरं येतात, गळ्यात दोरे, दंडाला ताईत. कुणाचं पोर आजारी पडलं की गल्लीतल्या कुठल्या म्हातारीकडे बोट दाखवायचं हे ठरलेलं असतं, आणि त्या म्हातारीला मग कुणी दळण दळायलाही जवळ उभं करत नाही. असल्या गावांत मी भुताची गोष्ट छापून वाटू का? तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस की भूत आणि भेव एक नाही. मग दोघांत फरक काय, ते सांग म्हटलं तर तुला ते सांगता येईना. तू म्हणालीस, काढून दाखवीन.

आणि तू चौथ्या अंकासाठी आपल्याच घरातली भानगड निवडलीस.

नवी सून म्हणून मी गोरेगावला पहिली चूक केली ती हीच होती. दिवेलागणीला बाहेरून कुणीतरी माझ्या नावानं हाक मारली आणि मी “ओ” म्हणून दारात गेले. आईंनी हातातली परात तशीच सोडली. मला आत ओढून सांगितलं की तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं जे असतं ते एकदाच मारतं. बाहेर दूधवाला उभा होता आणि तू खांबाआड तोंडात ओढणी कोंबून हसत होतीस.

या एका नेमापायी आपल्या घरात प्रत्येकाला दोनदा हाक मारायची सवय लागली. तुझा दादा मला भर दुपारी, तेही मी समोर बसलेली असताना, दोनदा हाक मारतो. तू फोनवरसुद्धा “वयनी, ए वयनी” म्हणून सुरुवात करायचीस. आईंनी तर हा नेम मोबाइललाही लावला. दिवे लागल्यानंतर फोन वाजला की त्या तो पूर्ण वाजू देतात आणि दुसऱ्यांदा वाजला तरच उचलतात. दूरचे नातेवाईक समजतात की म्हातारीला ऐकू कमी येतं. त्या तशाच फोनकडे डोळे लावून बसलेल्या असतात.

तर चौथा अंक. गावाबाहेरच्या तलावाच्या पल्याडहून रोज दिवेलागणीला एक आवाज येतो. दर दिवशी वेगळ्या माणसाचं नाव घेतो. एकदाच. शहाणं गाव आहे, कुणी ओ देत नाही. हळूहळू लोक दिवस मावळायच्या आतच दारं लावायला लागतात, खरोखर शेजाऱ्यानं हाक मारली तरी कुणी उत्तर देईनासं होतं. एका बाईला सापाचं भेव वाटून ती शेजारणीला हाका मारते, आणि शेजारीण कडी घट्ट करते. ते पान तू पेन्सिलीनं काढलंस तेव्हा मी दोन-तीन दिवस ते बाजूला ठेवलं होतं. त्या शेजारणीचे डोळे तू असे काढलेस की मला तिचा रागही येईना.

मग चंद्री कंबर सरळ करते, धावते, तलावावर येते. खाली पाणी, कमळाची पानं, काठावर कुणी नाही. आणि आवाज तिचं नाव घेतो. तिथं तुझी पेन्सिल थांबली.

माझा शेवट तयार होता. पल्याडच्या झुडपात भोंगा लपवलाय, तलाव मोकळा मिळावा म्हणून कुणीतरी गावाला घाबरवतंय. तू म्हणालीस, चंद्री ओ देते. मी विचारलं, आणि तिथं असतं कोण? तू खांदे उडवलेस.

“मले का मालूम? ओ दिल्यावरच मालूम पडते ना.”

मी म्हटलं, लिहिणारीलाच माहीत नसेल तर वाचणारा आपल्याला धरून मारेल. तू म्हणालीस, मारू दे. माझ्या स्वयंपाकघरात आपण इतक्या मोठ्यानं बोलत होतो की खालच्या घरातल्या बाईंनी वर येऊन हिंदीत चौकशी केली, सब ठीक है ना म्हणून. तू पानं माझ्याकडंच टाकलीस आणि चहा न घेता बसस्टँडवर गेलीस. संध्याकाळी तुझा फोन आला तो आईंच्या चष्म्याचा नंबर विचारायला. म्हणजे भांडण आपल्या रीतीनं मिटलेलंही नव्हतं आणि चिघळलेलंही नव्हतं, ते पुढच्या रविवारची वाट पाहत पडून होतं. पुढच्या रविवारी तू तापानं फणफणली होतीस.

आपला शेवटचा रविवार भांडणात गेला म्हणून मला हळहळ वाटावी, असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. घरात मी समजूतदार, शाळेत मी शिस्तीची. तुझ्याशी मात्र मला मन मानेल तसं, हातवारे करत, खरं-खोटं सगळं वापरून भांडता यायचं, आणि तू तेवढंच वापरून परत द्यायचीस. इतकी मोकळीक मला दुसऱ्या कुणी दिली नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे हे तू असताना सुचलं नाही, सुचलं असतं तरी तू मानू दिले नसते.

हळहळ आहे ती पानांची. आता लवकर पिकणारं हलकं धान कापणीला आलंय, दिवाळी तोंडावर आहे, मागोमाग मंडई. झेरॉक्सवाल्यानं दोनदा विचारलं, मॅडम, इस साल चंद्री नहीं आयेगी क्या. माझ्या वर्गातल्या पोरी विचारतात. तुझ्या दादानं एक रात्र विचार करून सुचवलं की जेवढं झालंय तेवढंच छापू आणि मुखपृष्ठावर तुझा हार घातलेला फोटो टाकू. त्याचं मन मला कळत होतं. त्याला तुझा फोटो कुठंतरी हवा आहे, पाकिटात ठेवून त्याचं भागत नाही. तरी मी नाही म्हटलं. चंद्रीचा अंक तुझी तसबीर होऊन भिंतीवर गेला की तो कुणी वाचणार नाही, नमस्कार करतील. मग तो म्हणाला की मग शेवट तू ठरव. आणि तिथं माझं घोडं अडलं.

कारण माझा शेवट लिहायचा तर तू उत्तर द्यायला नाहीस, म्हणजे मी रिकाम्या आखाड्यात कुस्ती जिंकल्यासारखं. तुझा लिहायचा तर मला तो पटलेला नाही, आणि मेलेल्या माणसाची इच्छा म्हणून पटल्याचं दाखवणं तुला स्वतःलाच ओंगळ वाटलं असतं. मी रोज पेन्सिलीच्या पानांवर काळी शाई फिरवत होते. माझी रेषा तुझ्यासारखी वाहत नाही, तरी शेजारणीचे डोळे बिघडू दिले नाहीत. एकेक पान पक्कं होत गेलं आणि कोऱ्या पानाशी येऊन मी बसून राहिले.

मागच्या रविवारी मी ती पानं घेऊन गोरेगावला गेले. खरं तर तुझे ब्रश आणायला गेले होते. आई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. तिची सायकल म्हणतात, तिचा डबा म्हणतात. त्यांना वाचता येत नाही, तिन्ही अंक त्यांना तूच वाचून दाखवले होतेस, हे मला तिथं बसल्यावर आठवलं. म्हणून मी पिशवीतून पानं काढली आणि विचारलं की वाचू का. त्यांनी सूप बाजूला सरकवलं.

मी चित्रं दाखवत दाखवत वाचलं. गावाची दारं बंद होतात तिथं त्या मान हलवत होत्या, बरोबर आहे, असंच करावं म्हणून. शेजारीण कडी घट्ट करते तिथं त्यांची मान थांबली. चंद्री तलावावर आली, आवाजानं तिचं नाव घेतलं, आणि मी थांबले. आईंनी विचारलं, पुढं? मी म्हटलं, पुढं नाही. पुढं आमचं भांडण झालं होतं. आणि दोन्ही शेवट त्यांना सांगितले, माझा भोंग्याचा आणि तुझा ओ देण्याचा. तुझा सांगताना मी मुद्दाम फिका नाही केला, एवढं मी प्रामाणिकपणे केलं.

आईंनी चंद्रीचं पान स्वतःकडं ओढलं.

“पयल्या हाकेले ओ द्याची नाई, हे मीच शिकवलं तुमाले,” त्या म्हणाल्या. “माह्या सासूनं मले शिकवलं. पन आता सुमननं मले एकडाव जरी हाक मारली असती ना बाई, तरी मी ओ दिली असती.”

मला रडू आवरलं नाही. आई रडल्या नाहीत. त्यांनी सूप परत पुढं ओढलं आणि एक खडा वेचून बाहेर टाकला. तुझं नाव घेतल्यावर काही पडलं नाही की फुटलं नाही, हे त्या जणू तपासून पाहत होत्या. माझं रडणं ओसरल्यावर त्यांनी मला विचारलं की ती पोरगी एवढी तलावापर्यंत उडत गेली ती कशाला गेली. मी म्हटलं, कोण हाक मारतं ते बघायला. मग झालं तर, त्या म्हणाल्या.

“देऊ दे ओ तिले. मानूस असन तं बोलन. नसन तं पानी गप राहीन. त्यात भेवाचं का आहे?”

सुमन, आपण दोघी एवढ्या भांडलो ते या एका वाक्यासाठी. तुला जो फरक सांगता येत नव्हता तो हाच असणार. तलावापल्याड कोण आहे हा प्रश्नच नव्हता. गावानं ओ देणं बंद केलं होतं आणि शेजारीण शेजारणीला उत्तर देईना, भेव तिथं होतं, आणि ते तू त्या एका पानात काढूनही ठेवलं होतंस. मी भोंगा शोधत बसले. माझा चोर खोटा नव्हता, फक्त या गोष्टीत त्याचं काम नव्हतं. आणि मला हेही म्हणायचं आहे की तू खांदे उडवण्याऐवजी नीट बोलली असतीस तर मी तेव्हाच ऐकलं असतं. बहुतेक ऐकलं असतं.

शेवटचं पान मीच केलं. चित्र मला येत नाही, पण अक्षर येतं, अंकाचं अक्षर पहिल्यापासून माझंच आहे. पानभर मी शाईनं पाणी काळं केलं, आणि त्यावर या काठापासून त्या काठापर्यंत जाईल असा एकच “ओ” लिहिला. फुगा काढला नाही. खाली आपण नेहमी लिहितो तसं लिहिलं, गोष्ट आणि अक्षर अमकीचं, चित्रं सुमनची. कैलासवासी वगैरे काही लावलं नाही. तुझ्या दादानं ते पान पाहिलं आणि म्हणाला की झेरॉक्सला तो स्वतः जाईल. फोटोचं पुन्हा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी प्रती घेऊन आला तेव्हा त्यानं प्रत्येक प्रतीचं शेवटचं पान तपासून घेतलेलं होतं, काळं नीट उमटलंय की नाही ते.

काल पहिली प्रत आईंना नेऊन दिली. त्यांनी बोट फिरवत सगळी चित्रं पाहिली. शेवटच्या पानावर हात सपाट ठेवला. मग आत जाऊन कोनाड्यातून जुने तिन्ही अंक आणले आणि चारही पुढ्यात मांडून बसल्या, आणि मला एक प्रश्न विचारला जो आपल्याला इतक्या भांडणांत एकदाही सुचला नव्हता.

“या पोरीले तुमी दर खेपेले आंगनातच उभी ठेवता. आत काऊन नाई येऊन राहिली ते?”

मी चाळून पाहिलं. खरंच होतं. गावासाठी एवढं करते, पण चारही अंकांत चंद्री कुणाच्या घरात पाऊल ठेवत नाही. लोक उंबऱ्याच्या आत, ती बाहेर. मी आईंना सांगितलं की तिचे पंख दारात मावत नाहीत. सुमन पडदे रंगवून शिकली, पडदा पार शेवटच्या रांगेतल्याला दिसायला हवा, म्हणून तिनं पंख तेवढे मोठे काढले, आता ते लहान करता येत नाहीत. आईंना हे काही कारण वाटलं नाही.

“मंग दार मोठं काढजो,” त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

शाळेतून आल्यावर मी आता पाचव्या अंकासाठी दार काढत बसते, सुमन. पट्टीनं काढते, त्यामुळे चौकट तरी सरळ येते. तुझ्या पानावरून पंख मोजून घेतले आहेत. दोन्ही पसरलेले असताना ती आत येईल एवढं रुंद ठेवलंय.